सारी-मोगोल: अलाय खोऱ्यातल्या किरगिझ गावात राहायला जाताना

किरगिझस्तानला जाणारे आपल्याकडचे बहुतेक प्रवासी बिश्केक, इसिक-कुल सरोवर आणि युर्टमधली, म्हणजे पशुपालकांच्या गोल लोकरी तंबूतली, एखादी रात्र एवढं करून परततात. तो युर्ट खरा असतो, जेवणही चांगलं मिळतं. पण ज्यांच्या युर्टमध्ये आपण झोपलो ती माणसं हिवाळ्यात कुठे राहतात, तेव्हा जनावरं काय खातात, पोरांची शाळा कुठे असते, यातलं काहीच कळत नाही. ते कळायचं तर गावात राहावं लागतं. माझ्या मते त्यासाठी देशाच्या दक्षिणेला, अलाय खोऱ्यात असलेलं सारी-मोगोल हे फार योग्य गाव आहे. उंची सुमारे ३,००० मीटर, समोर ७,१३४ मीटरचं लेनिन शिखर, आणि उन्हाळ्यात जनावरं घेऊन वरच्या कुरणांवर जाणारी कुटुंबं.

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा सल्ला आधीच सांगतो: आधी गाव, मग कुरण. बरेच जण ओशहून गाडी करतात, गाव मागे टाकून थेट वरच्या युर्ट-कॅम्पला पोचतात आणि दुसऱ्या दिवशी खाली येतात. त्यात डोकं दुखतं, झोप लागत नाही आणि माणसांशी ओळखही होत नाही. दोन रात्री गावात काढून वर गेलात तर शरीराला उंचीची सवय होते. शिवाय वर युर्टमध्ये भेटणारी बाई ही तुम्ही राहिलात त्या घरची मावशी किंवा नणंद निघण्याची शक्यता बरीच असते.

तिथलं वर्ष कसं चालतं

किरगिझ लोक उन्हाळ्याच्या कुरणाला ‘जाइलू’ म्हणतात आणि हिवाळ्याच्या मुक्कामाला ‘किश्तू’. शंभर वर्षांपूर्वीपर्यंत अख्खी कुटुंबं या दोन टोकांमध्ये युर्ट उचलून फिरत असत. १९३० च्या दशकात सोव्हिएत सरकारने सामुदायिक शेती आणली, कळप कोल्खोजच्या, म्हणजे सामुदायिक शेतसंस्थांच्या, ताब्यात गेले आणि माणसं पक्क्या घरांच्या गावांमध्ये वसवली गेली. मेंढपाळ तरीही उन्हाळ्यात वर जातच राहिले, फक्त कळप सरकारचा झाला. १९९१ नंतर कोल्खोज मोडले आणि जनावरं पुन्हा घरोघरी आली.

आजचं चित्र या सगळ्यातून बनलेलं आहे. गाव उठून वर जातं असं आता नाही. काही कुटुंबं जूनमध्ये युर्ट घेऊन जातात. बाकीचे आपल्या मेंढ्या त्यांच्या हवाली करतात आणि डोईमागे पैसे देतात. म्हातारी माणसं आणि सुट्टी लागलेली नातवंडं बहुधा वर असतात, नोकरी-दुकान असलेले खाली. ऑगस्टमध्ये खोऱ्यात गवतकापणी चालते, कारण जनावरांचा हिवाळा त्याच गवतावर निघायचा असतो. ‘अस्सल भटके’ शोधायला निघालेला प्रवासी घरावरची डिश अँटेना बघून हिरमुसतो. असल्या अपेक्षा घरी ठेवूनच निघा.

कधी जायचं

जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत. त्याआधी वरच्या वाटांवर बर्फ आणि चिखल असतो, सप्टेंबर लागला की युर्ट उतरवायला सुरुवात होते. जुलैत कुरणं सर्वांत हिरवी असतात, दूधदुभतं भरपूर असतं. कापणी बघायची असेल तर ऑगस्ट बरा. भर उन्हाळ्यातही रात्री पारा शून्याच्या आसपास जाऊ शकतो आणि जुलैतही बर्फ पडू शकतं, म्हणून ‘आपण उन्हाळ्यात जातोय’ हा विचार कपडे भरताना मनात आणू नका. हिवाळ्यात अलाय खोरं अत्यंत थंड असतं, वादळात घाटरस्ता बंद होतो. पहिल्या भेटीला तेव्हा जाऊ नये.

एकूण सहलीसाठी ओशपासून ओशपर्यंत सहा दिवस धरा. पाच दिवसांतही होतं, पण मग हवामान बिघडलं तर हातात काही उरत नाही.

ओशपर्यंत

भारतीयांना किरगिझस्तानसाठी व्हिसा लागतो आणि तो सरकारी संकेतस्थळावरून ई-व्हिसा म्हणून काढता येतो. अर्ज करताना दोन गोष्टी नीट बघा: तुम्ही ज्या विमानतळावरून किंवा नाक्यावरून देशात शिरणार आहात तो ई-व्हिसाच्या यादीत आहे ना, आणि आल्यावर परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते का. नोंदणीचे नियम राष्ट्रीयत्वानुसार वेगळे असतात आणि बदलतात, त्यामुळे दुसऱ्या देशाच्या प्रवाशाने लिहिलेल्या माहितीवर विसंबू नका.

ओशला पोचायचे मार्ग दोन. बिश्केकला उतरून देशांतर्गत विमानाने ओश, पाऊण-एक तासात. रस्त्यानेही जाता येतं, पण तो अख्ख्या दिवसाचा प्रवास आहे. सहाशेहून जास्त किलोमीटर, वाटेत ३,००० मीटरवरच्या दोन खिंडी. देखावे सुंदर आहेत, पण वेळ मोजका असेल तर विमानच घ्या. दुसरा मार्ग उझबेकिस्तानातून: ताश्कंदहून रेल्वेने अंदिजान, तिथून टॅक्सीने दोस्तलिकचा नाका ओलांडला की ओश शहर लागूनच आहे. उझबेकिस्तानचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, पण समरकंद-बुखारा बघायचं मनात असेल तर ही जोडणी उत्तम.

ओशमध्ये एक रात्र थांबाच. बाजारात फिरा, सुलैमान-तू या डोंगरावर चढा. २००९ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. ओश स्टेट विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने शिकतात, त्यात महाराष्ट्रातली मुलंही आहेत. त्यामुळे शहरात भारतीय जेवण, डाळी, मसाले मिळतात. मुलाला भेटायला ओशपर्यंत आलेले आईवडील पाच-सहा दिवस काढून अलायला सहज जाऊ शकतात, फार कमी जण तसं करतात एवढंच.

ओशमधून निघण्यापूर्वी करायची कामं: एटीएममधून पुरेसे सोम (तिथलं चलन) काढा आणि त्यातले निम्मे तरी लहान नोटांत घ्या, कारण पुढे सगळा व्यवहार रोखीचा आहे. स्थानिक सिमकार्ड घ्या, पासपोर्ट लागतो. गावात फोन चालतो, वर कुरणात कधी लागतो कधी नाही. औषधं, ओआरएस, सुका मेवा इथेच भरून घ्या. आणि पन्नास सोमची नोट हातात आली तर तिच्यावरची पांढऱ्या फेट्यासारखं शिरोवस्त्र घातलेली बाई कोण ते लक्षात ठेवा: कुर्मानजान दात्का, अलायची राणी. रशियन साम्राज्य इथे पोचलं तेव्हा अलायच्या किरगिझांचं नेतृत्व तिच्याकडे होतं. १८९५ मध्ये तिच्या मुलाला ओशमध्ये फाशी दिली गेली. १९०७ पर्यंत ती जगली. अलायमध्ये तिचं नाव काढलंत की घरातली माणसं मोकळेपणाने बोलू लागतात.

राहायची सोय ठरवणं

२००० च्या सुमारास कोचकोर गावात स्विस संस्थेच्या मदतीने ग्रामीण पर्यटनाचा एक प्रयोग सुरू झाला. पाहुण्याचे पैसे दलालाकडे न जाता घरमालकिणीकडे जावेत, हा हेतू. त्यातूनच ‘सीबीटी’ (कम्युनिटी बेस्ड टुरिझम) नावाचं गावोगावच्या गटांचं जाळं उभं राहिलं. सारी-मोगोलमध्येही असा गट आहे. घर, गाडी, घोडा, वाटाड्या, वरचा युर्ट, सगळं त्यांच्यामार्फत ठरवता येतं. स्वतंत्र होमस्टेही आहेत. व्हॉट्सअॅपवर साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहा, ते भाषांतर करून वाचतात. लांबलचक मजकूर पाठवलात तर अर्धवट उत्तर येतं.

विचारायचे प्रश्न हे: एका रात्रीच्या दरात नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरलंय का? ओशहून गावच्या कोणाची गाडी कधी निघते, ड्रायव्हरचा नंबर काय? वरच्या युर्टला नेणारी गाडी गाडीमागे की माणशी? आम्ही जायचं म्हणतोय त्या जागांना सीमाक्षेत्राचा परवाना लागतो का? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. ताजिकिस्तानची सरहद्द लेनिन शिखराच्याच रांगेतून जाते. परवाना लागत असेल तर तो निघायला काही दिवस जातात, म्हणून भारतातूनच विचारून ठेवा.

घासाघीस करू नका. गटाचे दर ठरलेले असतात आणि ते पैसे त्या घराचं कोळसा, गवत, वह्यापुस्तकं यांचं वर्षाचं गणित सांभाळतात.

ओश ते सारी-मोगोल

रस्ता एम-४१, म्हणजेच पामीर महामार्ग. ओश साधारण १,००० मीटरवर. तिथून गुलचो, मग तालदिक खिंड ३,६१५ मीटर, मग खाली उतरून सारी-ताश. सारी-ताशला रस्ते फुटतात: पूर्वेचा रस्ता चीनच्या इर्केश्ताम नाक्याकडे, दक्षिणेचा ताजिकिस्तानच्या पामीरकडे, पश्चिमेचा आपला. त्या पश्चिमेच्या रस्त्यावर तीसेक किलोमीटरवर सारी-मोगोल. एकूण चार ते पाच तास, रस्ता डांबरी आणि चांगला आहे.

गावच्या शेअर गाड्या साधारणपणे सकाळी ओशला जातात आणि बाजारहाट आटोपून दुपारी परत फिरतात. म्हणून सकाळी सातला ओशच्या अड्ड्यावर जाऊन ‘गाडी कुठाय’ म्हणण्यात अर्थ नाही. ड्रायव्हरला आदल्या दिवशी फोन करा, किंवा हॉटेलातल्या कोणाला करायला सांगा, तो तुम्हाला दारातून घेऊन जाईल. गाडी भरल्याशिवाय निघत नाही. घाई असेल तर रिकाम्या सीटचे पैसे देऊन निघता येतं. पण वेळ असेल तर भरलेल्या गाडीतच जा. पिठाची पोती, टायर, एखादी आजी आणि तिची नातवंडं यांच्यासोबत पाच तास गेले की गावात पोचायच्या आधीच तुमची चौकशी पूर्ण झालेली असते: कुठले, लग्न झालंय का, मुलं किती, पगार किती. हे प्रश्न तिथे आगाऊपणाचे समजले जात नाहीत. तुम्हीही तेच विचारा.

सारी-ताशच्या आधीच्या वळणांवरून खोरं पहिल्यांदा दिसतं. सपाट, रुंद, एकही झाड नसलेलं, आणि पलीकडे चोंग-अलाय पर्वतरांगेची बर्फाची भिंत. खोऱ्यातून किझिल-सू नावाची लालसर गाळाची नदी वाहते. तिचं पाणी पुढे वख्श होऊन अमू दर्याला मिळतं.

उंचीचं प्रकरण गांभीर्याने घ्या

सकाळी १,००० मीटर, संध्याकाळी ३,०००. हा मोठा उडीचा फरक आहे. सह्याद्रीत वर्षानुवर्षं ट्रेक केलेल्यांनाही इथे त्रास होतो, कारण कळसूबाई १,६४६ मीटरवर संपतो आणि दमश्वास चांगला असणं वेगळं, उंची सोसणं वेगळं. पहिल्या संध्याकाळी थोडं डोकं जड वाटणं, भूक मंदावणं, झोप तुटक लागणं हे अपेक्षित आहे. त्या दिवशी काहीही करू नका. सावकाश चाला, सारखा चहा-पाणी प्या, हलकं जेवा, दारू टाळा.

दुसरा दिवस पूर्ण गावात. तिसऱ्या दिवशी, बरं वाटत असेल तरच, ३,५०० मीटरवरच्या तुलपार-कुल या तळ्याकाठच्या कुरणावर जायचं. ३,००० च्या पुढे झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये हा सर्वमान्य नियम, आणि हा कार्यक्रम त्यात बरोबर बसतो. अधिक सावध राहायचं असेल तर वाटेत १,५०० मीटरच्या आसपास असलेल्या गुलचोला एक रात्र थांबा. सोबत वयस्कर माणूस किंवा लहान मूल असेल तर मी तसंच सुचवेन.

अॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या, म्हणजे डायमॉक्स, घ्यायच्या की नाही हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा. सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. डोकेदुखी गोळी घेऊनही थांबत नाही, सारख्या उलट्या होतायत, चालताना तोल जातोय, बसल्या जागी धाप लागतेय, बोलणं असंबद्ध होतंय, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता खाली न्यायचं. यजमानाला उठवा, गाडी काढायला सांगा. त्या लोकांनी गिर्यारोहकांच्या बाबतीत हे बघितलेलं असतं, ते वेळ घालवत नाहीत. प्रवास विमा घेताना किती उंचीपर्यंत लागू आहे ते वाचा. पुष्कळ पॉलिसी ३,००० मीटरवरच थांबतात.

घरात वावरताना

दारात बूट काढायचे. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, उंबऱ्यावर उभं राहून बोलायचंही नाही. आत शिरताना पुरुषांनी पुरुषांना ‘अस्सलाम अलेकुम’ म्हणून हात मिळवायचा. बायकांशी हात मिळवायला आपण होऊन पुढे जाऊ नका, त्यांनी पुढे केला तर घ्या. सगळ्यांना चालणारा शब्द ‘सालामात्सिझबी’. वयाने मोठ्या बाईला ‘एजे’, पुरुषाला ‘बाइके’, आजीच्या वयाच्या बाईला ‘आपा’. नुसत्या नावाने मोठ्यांना हाक मारू नका. आभार मानायला ‘राखमात’.

जेवण जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर. दारासमोरची सर्वांत आतली जागा मानाची, तिला ‘तोर’ म्हणतात, आणि पाहुण्याला तिथे बसवतात. एकदा नको म्हणावं, दुसऱ्यांदा बसावं. दस्तरखानावरून ओलांडून जायचं नाही, त्याच्याकडे पाय पसरायचे नाहीत. नान म्हणजे रोटी. ती पालथी ठेवायची नाही, जमिनीवर ठेवायची नाही, उरलेला तुकडा फेकायचा नाही. रोटी हाताने तोडून सगळ्यांपुढे टाकली जाते.

चहा लहान वाडग्यात, ज्याला ‘पियाला’ म्हणतात. घरातली तरुण सून किंवा मुलगी किटलीजवळ बसते आणि वाडगा अर्धाच भरते. संपला की परत अर्धा. वाडगा काठोकाठ भरला तर ‘आता निघा’ असा अर्थ होतो, म्हणून कमी ओतणं हे आदरातिथ्य. पुरे झालं की वाडग्यावर तळहात ठेवा. अलायमध्ये दूध-मीठ घातलेला ‘शिर-चाय’ही मिळतो. त्यात लोणी तरंगत असतं, रोटीचे तुकडे बुडवून खातात. पहिल्या घोटाला विचित्र लागेल, पण थंडीत आणि उंचीवर तो शरीराला फार बरा पडतो. जेवण संपल्यावर घरातलं मोठं माणूस दोन्ही तळवे वर करून दोन शब्द बोलतं आणि ‘ओमीन’ म्हणत तळवे चेहऱ्यावरून फिरवतं. तुम्हीही तसंच करा. त्यानंतर जेवायला हात लावायचा नाही.

संडास अंगणाच्या टोकाला, खड्ड्याचा. रात्री डोक्याला लावायची बॅटरी हवीच. नळाच्या पाण्याची अपेक्षा ठेवू नका. काही घरांत बान्या म्हणजे वाफेची न्हाणी असते, लाकूडकोळसा घालून तापवावी लागते. म्हणून सकाळी सांगितलं तर संध्याकाळी अंघोळ मिळेल. खोऱ्यात झाडं नसल्याने चुली शेणाच्या गोवऱ्यांवर चालतात. घरांच्या भिंतीलगत त्यांच्या नीट रचलेल्या उंच राशी दिसतात, त्याला ‘तेझेक’ म्हणतात. प्यायला उकळलेलंच पाणी घ्या. किटली सतत चुलीवर असते, बाटली भरून मागा.

शाकाहारी असाल तर

जाऊ शकता, पण तयारीने. तिथलं सणाचं जेवण म्हणजे बेशबार्माक: उकडलेलं मटण, बारीक कापलेल्या नूडल्स, वर रस्सा. पाहुण्यासाठी मेंढी कापणं हा मोठा मान, आणि हाडासकट तुकडे वयानुसार-मानानुसार वाटले जातात. म्हणून पोचल्यावर सांगून उपयोग नाही, घर ठरवतानाच लिहा आणि पोचल्यावर परत सांगा: ‘मेन एत जेबेइम’, मी मांस खात नाही. ‘एतसिझ’ म्हणजे बिनमांसाचं. बटाटा-गाजर-भात घालून काहीतरी नक्की करून देतात, मात्र चरबी किंवा मटणाचा रस्सा त्यांच्या लेखी मांसात मोडत नाही. कडक पाळणाऱ्यांनी ‘तेलात करा, रस्सा नको’ असं भाषांतर अॅपवर लिहून दाखवावं. अंडी, रोटी, जाम, लोणी, टोमॅटो-काकडी आणि ‘काइमाक’ म्हणजे दाट साय ही रोजची गोष्ट. त्या सायीवर आणि ताज्या रोटीवर मी कितीही दिवस राहीन. सोबत थेपले, मेतकूट, लोणचं, झटपट उपम्याची पाकिटं न्या. उकळतं पाणी कायम मिळतं.

मांसाहारी असाल तर ताटात पडलेला तुकडा अर्धवट चावून ठेवू नका. जास्त झालं तर बांधून नेण्याची रीतच आहे, घरची माणसं स्वतःच पिशवी आणून देतात.

‘बोरसोक’ हे तळलेले पिठाचे फुगीर चौकोन, साधारण बिनसाखरेच्या मऊ शंकरपाळ्यासारखे. ‘कुरुत’ या खारट दह्याच्या वाळवलेल्या गोळ्या, दगडासारख्या टणक, गालात धरून विरघळवायच्या. ‘आयरान’ आपल्याला लगेच आवडतं. ‘किमिझ’ म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध. आंबट, धुरकट वासाचं, किंचित मद्यांश असलेलं. पहिल्या दिवशी दोन घोटच घ्या, सवय नसलेल्या पोटाला ते जड जातं. धर्माने वा सवयीने मद्य वर्ज्य असेल तर वाडगा ओठांना लावून आदराने परत दिला तरी चालतो. एक मात्र कटाक्षाने पाळा: डोंगरातल्या मार्मोटच्या (बिळात राहणारा, खारीच्या कुळातला मोठा प्राणी) मांसाला किंवा मेलेल्या मार्मोटला हात लावू नका. त्यांच्यात प्लेगचा जंतू असू शकतो. २०१३ मध्ये किरगिझस्तानात एका मुलाचा त्यानेच मृत्यू झाला.

गावातला दिवस

सकाळी जनावरं गल्लीतून बाहेर काढली जातात, संध्याकाळी परत येतात. या दोन वेळा रस्त्यावर राहा. मधला वेळ शिर्दाकसाठी द्या. हे नमद्याचे, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचे, गालिचे घराघरांत आहेत. ते करताना बघायला मिळेल का, असं यजमानबाईला विचारा. लोकर झोडपून मोकळी करतात, ‘चिय’ नावाच्या कडक गवताच्या चटईवर पसरतात, वरून कढत पाणी ओततात, चटई घट्ट गुंडाळून दोरी बांधतात आणि मग बायका ओळीने त्यावर पाय देत, हाताच्या कोपरांनी रेटत ती लोळवत राहतात. लोकरीचा नमदा बनतो तो असा. दोन रंगांचे नमदे एकावर एक ठेवून नक्षी एकदमच कापली जाते. लालमधून निघालेली शिंगाच्या आकाराची नक्षी काळ्यात बसते आणि काळ्यातली लालमध्ये, कापलेला कोणताही तुकडा वाया जात नाही. मग सांध्यांवर पिळाची दोरी शिवतात आणि सगळा थर खालच्या नमद्याला टाके घालून पक्का करतात. एका मोठ्या शिर्दाकला महिनोन्‌महिने लागतात. २०१२ मध्ये युनेस्कोने ही कला तातडीने जपायला हवी अशा यादीत घातली. विकत घ्यायचा असेल तर उलटा करून टाके बघा. हाताचे टाके बारीक आणि थोडे असमान असतात. नक्षी नुसती दाबून बसवलेली असेल तर तो ‘आला-कियिझ’, स्वस्त आणि कमी टिकाऊ. थेट करणारीकडून घ्या आणि सांगेल ती किंमत द्या.

गावातली कुत्री राखणीची आहेत. परक्या अंगणात शिरण्यापूर्वी बाहेरून हाक मारा, मालकाने धरल्याशिवाय पुढे जाऊ नका. कुरणात कळपाच्या कुत्र्यांना दुरून वळसा घाला.

वर, तुलपार-कुलला

गावातून दक्षिणेला किझिल-सूवरचा पूल ओलांडून पंचवीसेक किलोमीटर कच्चा रस्ता, चारचाकी जीपने साधारण तासभर. लहान लहान तळी, त्यांच्या काठी युर्ट, आणि समोर लेनिन शिखर इतकं जवळ की अंतराचा अंदाज चुकतो.

युर्टला किरगिझमध्ये ‘बोझ उय’ म्हणतात. बाहेर उभारणी चालली असेल तर बाकी सगळं सोडून ती बघा. आधी दाराची चौकट, मग तिला जोडून ‘केरेगे’, म्हणजे विलो झाडाच्या काठ्यांची घडी होणारी जाळी, गोल उभी केली जाते. एक माणूस मधोमध उभा राहून ‘तुंदुक’ हे छताचं चाक काठीने वर तोलून धरतो आणि बाकीचे चारी बाजूंनी ‘ऊक’ या वाकवलेल्या काठ्या त्याच्या भोकांत खोवत जातात. सात-आठ काठ्या बसल्या की चाक आपल्या आपण अधांतरी राहतं. मग चटया, नमदे आणि लोकरीचे पट्टे. खिळा कुठेच नसतो. किरगिझ झेंड्यावर सूर्याच्या मध्यभागी जे आहे ते हेच तुंदुक.

आत शिरल्यावर डावीकडची बाजू पुरुषांची, तिथे खोगीर-लगाम टांगलेले असतात. उजवीकडची बायकांची, तिथे भांडी आणि दूधदुभतं. उजव्या बाजूला विनाकारण घुसू नका. रात्री चूल विझल्यावर थंडी चांगलीच असते. जाड रजया मिळतात, पण आपली झोपायची पिशवी आणि कानटोपी जवळ असू द्या. वीज सौरपट्टीपुरती, तेव्हा पॉवरबँक भरून न्या.

चालायला पहिल्या दिवशी तळ्यांभोवतीचा वळसा आणि अचिक-ताश कुरणापर्यंतची वाट पुरे. ३,६०० मीटरवरचा गिर्यारोहकांचा तळ तिथेच आहे. लेनिन शिखरावर पहिली चढाई १९२८ च्या जर्मन-सोव्हिएत मोहिमेत झाली, तेव्हापासून माणसं इथे येतायत. वर एक रात्र नीट झोप लागली तरच दुसऱ्या दिवशी ‘ट्रॅव्हलर्स पास’ला, म्हणजे ४,१०० मीटरच्या वरच्या खिंडीला जायचं बघा. पहाटे लवकर निघा, दुपारनंतर ढग आणि वारा येतो. वाटेतले ओढे सकाळी गुडघ्याखाली असतात आणि दुपारी बर्फ वितळून फुगतात, हे परतीचा वेळ ठरवताना धरा. खिंडीपलीकडे हिमनदी आहे, तिथे वाटाड्याशिवाय पाऊल टाकू नका. १९९० मध्ये याच डोंगरावर एका हिमप्रपातात एका रात्रीत ४३ गिर्यारोहक गेले.

घोडा घ्यायचा असेल तर आधी खोगिराचा पट्टा आणि रिकीब स्वतः ओढून बघा. शिरस्त्राण मिळत नाही, म्हणून नवख्यांनी लगाम वाटाड्याच्या हातात असू द्यावा. पुढे चालवायला ‘चू’. कोक-बोरूचा सामना लागलेला असेल, म्हणजे घोडेस्वारांचा मेलेल्या बकऱ्यासाठीचा खेळ, तर गर्दीच्या मागे आणि उंचवट्यावर थांबा. घोडे सीमारेषा जुमानत नाहीत.

फोटो काढण्यापूर्वी विचारा, विशेषतः दूध काढणाऱ्या बायकांना. काढलेला फोटो पाठवायचं कबूल केलंत तर पाठवा. जाण्यापूर्वी मुलांना चॉकलेटं वाटत फिरू नका. घरासाठी चांगला भारतीय चहा, सुका मेवा किंवा मुलांना रंगपेट्या यजमानबाईच्या हातात द्या, कोणाला काय द्यायचं ते ती ठरवेल.

परत निघताना

ओशची गाडी भल्या पहाटे निघते आणि घराघरांतून माणसं उचलत जाते. आदल्या संध्याकाळीच यजमानाला सांगून जागा धरा. हिशेब रात्री पूर्ण करा, सकाळी सुट्ट्या पैशांची शोधाशोध नको. नाश्ता न करता कोणीही तुम्हाला जाऊ देणार नाही, त्यामुळे गाडीच्या वेळेआधी अर्धा तास दस्तरखानावर बसा. वाटेसाठी रोटी बांधून दिली तर दोन्ही हातांनी घ्या. तालदिक खिंडीत दरड किंवा बर्फ आलं तर गाडी तासन्‌तास थांबू शकते. म्हणून ओशहून पुढच्या विमानाचं तिकीट त्याच दिवसाचं न काढता दुसऱ्या दिवशी दुपारनंतरचं काढा.